घासदेवीचा वसा

मांजरी गावाहून गुळाची गाडी घेऊन आलेला राणोजी दारात उभा राहिला, पण नेहमीसारखं "बुवा, चाखून तर बघा" म्हणाला नाही. पागोटं काढून म्हणाला, "अक्का गेल्या..." मी कथेकरी माणूस, भरल्या सभेला रडवतो. त्या दिवशी मात्र शब्द सुचला नाही. महिना होत आला. आता सुचतोय, आणि माफ करा मंडळी, हसू येतंय.

भागूअक्का आमच्या नारायण पेठेतल्या वैद्यांच्या लेक. लहानपणी वडील आणि भाऊ आसनं करत, अक्का दाराआडून पाहून तीच माजघरात करायच्या. पुढे विधवा होऊन माहेरी आल्या, मांजरीच्या शेतीवर देखरेखीला गेल्या आणि तिथेच रमल्या. राणोजीची बायको येसू तेव्हा पोटुशी होती. आधीचं मूल गेलेलं, ओठ पांढरेफटक, चार पावलं चालली की धाप. अक्का म्हणाल्या, "हिला आधी जेवू घाला, नाहीतर ही वाचायची नाही." राणोजीची आई कडाडली, "गडीमाणसांच्या आधी? असली रीत हाय व्हय कुठं?" बायकांनी उरेल ते खायचं, आणि उरायचं काय, तर भांडं.

अक्का थेट माझ्याकडे आल्या. "अहो बुवा, आपल्याला देव घडवता येतो का?"

"कुठला हवा?"

"बायकांना आधी जेवायला लावणारा."

"असा अजून जन्मला नाही."

"म्हणून तर आपल्याकडे आले."

झालं! दुपारभरात घासदेवी जन्मली. कहाणी मी रचली, नेम अक्कांनी घातले. सुनेनं उगवतीला तोंड करून झेपतील तेवढी आसनं करायची, निश्चल पडून श्वास सोडायचा, मग सगळ्यांआधी तिळगुळाचा लाडू, पालेभाजी आणि हुलग्याचं गरम माडगं घ्यायचं. वसा मोडला तर? घरच्या कर्त्या पुरुषाच्या गुडघ्यात वात! ही भर माझी, आणि तिचा मला आजही अभिमान आहे.

पहिल्याच सकाळी येसू अंगणात शवासनात पडली आणि सासूनं टाहो फोडला, "सून गेली गं माझी!" आळी धावली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "जिवंत आहे. ओरडू नका, वसा मोडेल." म्हातारीनं पदर तोंडात कोंबला... पण सून खरंच गेली तर काय, हे त्या क्षणी तिला दिसलं असावं. दुसऱ्या दिवसापासून लाडू तीच वळू लागली. येसूच्या ओठांना रंग चढला. दिवस भरल्यावर मोकळी झाली, मायलेकरं सुखरूप. मग वसा गावोगाव निघाला.

"अक्का, खोट्या देवाचं पाप लागेल हो," मी एकदा म्हणालो.

"लागू दे. माडगं पिऊन दणकट झालेय, पेलेन."

परवा पानावर बसलो, तर वाढायचं सोडून आमची सौभाग्यवती चुलीपाशी पाठमोरी लाडू खात काहीतरी पुटपुटत होती.

"काय चाललंय?"

"घासदेवीची कहाणी. कान देऊ नका. पुरुषांनी ऐकली की फळत नाही."

ही अट मी घातली नव्हती. ती अक्कांचीच... कहाणी रचणाऱ्यालाच दाराबाहेर काढून गेल्या बाई! मी रिकाम्या पानापुढे निमूट बसून राहिलो. लाडू संपेपर्यंत.