हिरवी ताडपत्री सोडून फ्लेक्स

निकाल लागल्यापासून मुलगी भांडण सोडून माझ्याशी बोलत नव्हती. बोलली ती एका रविवारी, जेवताना, ताटातून मान वर न काढता.

"मला एक रात्र जंगलात झोपायचंय. तंबूत नाही. वर नुसती ताडपत्री, बाजू उघड्या."

बारावीनंतर दोन वर्षं ती लातूरला होती. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास आणि क्लासच्याच गल्लीत हॉस्टेल. खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. हात बाहेर काढला की भिंत लागायची. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले, दुसऱ्या वर्षी आणखी कमी. तिसऱ्यांदा बसायचं की नाही, यावरून आमच्या नांदेडच्या घरात भांडण चालू होतं. ती म्हणत होती, लातूरचं नाव काढू नका. मी म्हणत होतो, अजून एकदाच. खरं तर मी म्हणण्याच्या पुढे गेलो होतो. हॉस्टेलवाल्या बाईंना फोन करून मी तिची कॉट धरून ठेवली होती, आणि हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

जंगलाला मी लगेच हो म्हटलं ते म्हणूनच. घरात विषय काढला की ती उठून जायची. तिथं उठून जाणार कुठं? झाडाखाली मन जरा सैल झालं की सावकाश समजवायचं, असा माझा बेत होता. लिहितानाही लाज वाटते, पण पोरीची हौस मी सापळ्यासारखी वापरायला निघालो होतो.

किनवटकडे, मी शिकवतो त्या शाळेतल्या एका शिक्षकाचं शेत आहे, जंगलाला लागून. राखीव जंगलात रात्री राहू देत नाहीत, तेव्हा त्याच्या बांधावरच्या सागाच्या झाडांत झोपायचं ठरलं. राहिली ताडपत्री.

पावसाळ्यात ताडपत्रीच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. कुणाचे पत्रे गळत असतात, कुणाचा कडबा भिजत असतो. नांदेडच्या इतवारा बाजारातल्या एका दुकानात मालक गादीवर बसून एकाच वेळी तिघांना उत्तरं देत होता.

"काय झाकायचंय?" त्यानं विचारलं.

"झोपायचंय," मुलगी म्हणाली. "तिच्याखाली. जंगलात."

त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. "कामून सर? घर भाड्यानं दिलं का?"

सगळं दुकान हसलं. मीही हसायला हवं होतं. मला राग आला, आणि तोही त्याचा नाही, तिचा.

ती मात्र कामाला लागली होती. नोकरानं पहिल्यांदा निळी ताडपत्री टाकली, सगळ्यात स्वस्त. तिनं ती उचलून दाराच्या उजेडात धरली. विणीतून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. "चाळणी हाय ही," ती म्हणाली. मग आली काळी जाड, सोयाबीनची रास झाकायची. ती पाणी एक थेंब आत येऊ देत नाही, पण खांद्यावर घेऊन चालायचं म्हटलं तर बैल हवा. तिसरी हिरवी. वजनाला हलकी, दोन्ही अंगांनी चकचकीत, काठात दोरी घालून शिवलेली, कोपऱ्यांना आणि काठालाही धातूच्या कड्या. मुलीनं एकेका कडीत बोट घालून ओढून पाहिलं. घडी घालून बगलेत धरून पाहिली.

"हीच," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून 'नाही' सोडून दुसरं काही आलं होतं.

मी भाव विचारला आणि घासाघीस सुरू केली. मालकानं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "सर, भाव करायचा तर भाजी घ्या. मागं माणसं उभी हाईत." मी तडक बाहेर आलो. पोरीला ताडपत्री खाली ठेवून माझ्यामागं यावं लागलं.

"क्लासची फी भरताना भाव केला होता का, पप्पा?" रस्त्यातच तिनं विचारलं.

"ते शिक्षण होतं."

"अन् हे?"

"हे एका रात्रीचं हाय. परत कुठं लागणारे ताडपत्री आपल्याला?"

पुढच्या वळणावर जुने फ्लेक्स विकणारा बसलेला असतो. वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या उरकल्या की चौकातले फ्लेक्स उतरतात आणि घड्या होऊन त्याच्याकडं येतात. आमच्याकडच्या निम्म्या पत्र्यांवर, गोठ्यांवर तेच असतात. पांढरी बाजू उन्हाकडं, चित्र आत. माझ्या गावच्या घरीही तसंच होतं.

"जड हाय," मुलगी म्हणाली. "वाजतं. कड्या न्हाईत, बांधणार कशाला?"

"कोपऱ्यात गोटा गुंडाळायचा अन् वरून सुतळी आवळायची. निघत नसते. अख्खा जिल्हा वापरतो, तुलाच चालत नाही का?"

"घ्या. तुम्ही घेणारच."

"उघडून दाखवू का?" विकणाऱ्यानं विचारलं.

"काय बघायचं त्यात? फ्लेक्स तो फ्लेक्स," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. ते ओझं माझ्या मांडीवर होतं. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचा वाढदिवस हाय, साहेब?" डब्यातले दोघंतिघं हसले. भोकर आलं, गेलं, मुलीनं खिडकीबाहेरून नजर आत आणली नाही. मी दोन वेळा भज्यांचं विचारलं. दोन्ही वेळा तिनं मान हलवली, नकारार्थी.

दुपारी शेतावर पोचलो. शिक्षकमित्रानं बांध दाखवला, पाण्याचा डेरा दाखवला आणि तो गावात परत गेला. जमीन ओली होती, डास होते, साग गच्च पानांनी भरला होता. मुलीनं दोन झाडांमध्ये दोरी ताणली. तिला सगळं येत होतं. रविवारी फोन मिळाला की हॉस्टेलवर ती हेच बघायची, अनोळखी पोरी झाडांखाली ताडपत्र्या बांधतात ते. मी घडी उचलून दोरीवर टाकली, पांढरी बाजू वर ठेवून. ती आतून कोपरा ओढायला वाकली आणि तिथंच थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

मीही वाकून आत गेलो.

वर चेहरे होते. ओळींवर ओळी, परातीएवढे चेहरे, आणि प्रत्येकाखाली मार्क. लातूरच्या तिच्याच क्लासनं गेल्या वर्षी नांदेडच्या चौकात लावलेला निकालाचा फ्लेक्स. झोपलं असतं तर ती सगळी पोरं रात्रभर थेट आमच्या तोंडाकडं बघत राहिली असती.

"मुद्दाम आणलं?"

"नाही गं. तुझी शपथ. मी उघडलाच नव्हता."

"मुद्दाम आणलं असतं तर बरं झालं असतं, पप्पा. निदान बघून तरी घेतलं असतं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बेत डोक्यात होताच, आणि मला वाटलं, आता विषय निघालाच आहे. मी म्हणालो, "हे बघ, ही पोरंही तुझ्यासारखीच होती. अजून एकदा प्रयत्न..."

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. दुसऱ्या ओळीतल्या एका मुलीवर बोट ठेवलं. फ्लेक्स तेवढ्यानंही वाजला.

"ही माझ्या शेजारच्या कॉटवर होती. ओळखलं का? तुम्ही यायचे तेव्हा हिला शाबासकी द्यायचे. मला म्हणायचे, हिच्याकडून शीक. परीक्षा जवळ आली की हिच्या पोटात अन्न टिकायचं न्हाई. जेवायची अन् बाथरूममध्ये जाऊन ओकायची. शिकले मी हिच्याकडून. मार्क आले न्हाईत, ओकणं आलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, लिंबूपाणी पीत जा."

आठवत नाही असं म्हणता आलं असतं. पण मला आठवत होतं. तिनं मधल्याच एका वारी हॉस्टेलवाल्या बाईंच्या फोनवरून केलेला तो फोन मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून घेतला होता. तास सुरू व्हायचा होता म्हणून घाईत होतो, आणि लिंबूपाणी सांगून झाल्यावर तिला विचारलं होतं की फिजिक्सचं काय झालं.

ती माझ्याकडं बघत होती. "आता खरं सांगा. कॉट धरून ठेवली ना माझी?"

"हाव," मी म्हणालो.

तिला आश्चर्य वाटलं नाही. ओरडलीही नाही. "लावा फोन. इथंच. स्पीकरवर."

बांधाच्या उंच टोकाला जाऊन उभं राहिलं की थोडी रेंज येत होती. ती माझ्यामागं येऊन थांबली, पहाऱ्यावर असल्यासारखी. बाईंनी फोन उचलला.

"बोला सर. सोमवारी बॅच सुरू होतीय, सोडताय ना पोरीला?"

"ती येणार नाही. कॉट दुसऱ्या कुणाला द्या."

"असं कसं सर? एकदा सोडली की मिळायची न्हाई. मागं लाइन लागून राहिली."

"द्या त्यांना."

"पोरीचं ऐकू नका सर. या वयात समद्याच रडतात. चार दिवस रडते, मग बसते की गप. मागच्या साली न्हाई का..."

"ती इथंच आहे," मी म्हणालो. "ऐकून राहिली."

बाई थांबल्या. मग "बरं, तुमची मर्जी" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं होतं, आता ती काहीतरी बोलेल. निदान चेहरा तरी सैल पडेल. ती म्हणाली, "घरी गेलात की परत लावाल."

मी नाही म्हणालो नाही. कारण फोन ठेवता ठेवता तोच विचार माझ्या मनात येऊन गेला होता, की सोमवारला अजून वेळ आहे, बाई ओळखीच्या आहेत, शब्द टाकला तर ऐकतील. तिनं तो माझ्या तोंडावर वाचला असावा. वीस वर्षं ती माझ्याच घरात वाढलीय.

आम्ही परत झाडांपाशी आलो. तिनं कोपऱ्यांत गोटे गुंडाळून सुतळी आवळली, मी सांगितलं होतं तशीच, पण मला हात लावू दिला नाही. स्वतःची चटई एका टोकाला टाकली, माझी उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मग हात पुढं केला.

"फोन द्या तुमचा."

मी दिला. "सकाळी लागेल मला," म्हणालो.

"सकाळी न्हाई." तिनं तो बंद केला आणि आपल्या पिशवीत तळाशी घातला. "बॅच सुरू झाली की देते."

माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.