अंबुजेचा नवरंग

अंबुजा विधवा होऊन मद्रासेत ट्रिप्लिकेनला भावाकडे आली, तेव्हा तिची विशीही उलटली नव्हती. वादिराजअण्णा सरकारी कचेरीत कारकून; तंजावरकडची मराठी माणसं, सोवळंओवळं कडक. घरात तिला कुणी वाईट बोलत नसे. तिच्याशी फारसं बोलतच नसत.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात, वादळी पावसानंतरच्या सकाळी, न्हाणीघरात एक पाखरू अंग फुगवून बसलेलं तिला दिसलं. पाठ हिरवी, पंखावर निळा डाग, आखूड शेपटीखाली कुंकवासारखं लाल. असा रंग तिनं कित्येक वर्षांत हातात धरला नव्हता.

शेजारचे शाळामास्तर चंद्रमौळी बघायला आले. म्हणाले, "हा नवरंग, अक्का. इथले लोक आरुमणी कुरुवी म्हणतात, सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास शीळ घालतो म्हणून. रानातला पक्षी. थंडीच्या आधी उत्तरेकडून दक्षिणेत, पार सिलोनपर्यंत जातो. रात्रीचा उडतो, थकला की असा कुठंही पडतो. भात खायचा नाही. किडे, गांडुळं घाला. बळ आलं की तिन्हीसांजेला झाडीत सोडा. दिवसा सोडलात तर कावळे ठेवायचे नाहीत."

मोरीमागच्या केळीखाली उकरून अंबुजा गांडुळं काढू लागली. टोपलीखालचा पक्षी आधी तोंड फिरवी. मग तिच्या बोटांतून ओढून घेऊ लागला. ती एकटीच हसत असलेली वहिनीनं पाहिली.

तेवढ्यात वडिलांचं श्राद्ध आलं. त्या सकाळी अण्णांना तिचे मातीचे हात दिसले.

"जीव मारून जीव पोसतेस? आज? या घरात?"

"मज संध्याकाळपर्यंत वेळ द्या, अण्णा. मग मीच सोडतें."

"भटजी दारात उभे आहेत!"

अण्णांनी टोपली उचलली. नवरंग कसाबसा परसातल्या भिंतीपर्यंत उडाला आणि तिथंच टेकला. कावळ्यांनी त्याला घेरलं. अंबुजा ओरडत धावली; ती पोचेपर्यंत भिंतीवर थोडी हिरवी पिसं उरली होती.

दुपारी अण्णांनी त्याच भिंतीवर पिंड ठेवला. कावळे लगेच शिवले.

"अप्पा तृप्त झाले," अण्णा समाधानानं म्हणाले, आणि त्यांनी अंबुजेला उष्टी पानं काढायला सांगितलं. तिनं काढली.

त्यानंतर तिनं कुणाकडे काही मागितलं नाही. सहासष्ट साली ती तापानं गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भटजींनी विचारलं, "बाईंची काही इच्छा राहिली होती का?"

"तिनं कधी काही मागितलंच नाही," अण्णा म्हणाले.