नॉक सेन्सर आणि आईची गाडी

नवा नॉक सेन्सर हातात आला तेव्हा मी अंगणात चक्क उडी मारली. पेढ्याएवढी, मधे भोक असलेली ती वस्तू. इंजिनाला चिकटून बसायचं आणि आतली ठोकठोक ऐकून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायची, एवढंच तिचं काम. पण हा कान गेला की कॉम्प्युटर घाबरतो, इंजिनातली ठिणगी उशिरा पाडतो आणि गाडीतला जोरच निघून जातो. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं तेच झालं होतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि आमच्या साखरा गावाबाहेरच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येही रडारड.

बाबांनी निकाल देऊन टाकला होता, "इंजिन बसलं. इकून टाकू." वसमतचा एकजण रविवारी गाडी बघायला येणार होता. आणि आईने याच हिवाळ्यात, पन्नाशीत, लायसन काढलं होतं! ही गाडी गेली तर घरात दुसरी येणार नव्हती. आईचं चालवणं तिथेच संपणार होतं. ती भाकरी अशा थापत होती की शेजारी ऐकू जावं. माझा तर नुसता संताप होत होता. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसलेल्या बाईच्या हाती स्टिअरिंग यावं आणि लगेच काढून घ्यावं, हा कुठला न्याय?

मोबाईलला जोडायचं छोटं यंत्र मी गाडीला लावलं, तर नॉक सेन्सरच्याच बिघाडाचा कोड आला. आधी वायर तपासली, तिच्या टोकाला चढलेला हिरवा गंज घासून काढला. दिवा हटेना. मग हिंगोलीहून नवा सेन्सर मागवला आणि शनिवारी बॅटरी सोडवून, गाडीखाली शिरून बसवला.

मी पाणी प्यायला घरात गेले आणि बाबांनी डाव साधला. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून त्यांनी बोल्ट करकचून आवळला. मळणीच्या थ्रेशरचे बोल्ट आमच्याकडे असेच आवळतात; पाइप लावल्याशिवाय कुणाचं समाधानच होत नाही. "ढिलं ऱ्हायलं तं रस्त्यात पडंल," ते म्हणाले. गाडी चढावर नेली तर पुन्हा दिवा, पुन्हा रडारड.

"म्हणलं न्हवतं का, इंजिन बसलंय!"

"इंजिनाला काई झालं न्हाई, बाबा. तुमी त्याचा कान पिळलाय!"

सेन्सर ठरलेल्या जोरानेच आवळावा लागतो. जास्त दाबला की त्याला भलतंच ऐकू येतं. नशीब, फुटला नव्हता. रविवारी सकाळी गॅरेजवाल्याकडून टॉर्क पाना मागून आणला. हवा तेवढा जोर लागला की हा पाना स्वतःच 'कट्' वाजतो. मी बोल्ट सैल केला, सेन्सर बसण्याची जागा पुसली, तोच आई पदर खोचून म्हणाली, "सरक." आणि शिरली की गाडीखाली!

कट्!

"झालं? एवढंच?"

"एवढंच!"

ती बाहेर आली, नाकाला ग्रीस, आणि समोर वसमतचा माणूस उभा. नुकताच एसटीतून उतरलेला. "चहा नंतर, आधी चक्कर मारू," आई म्हणाली. ती स्टिअरिंगवर, तो तिच्या शेजारी, बाबा आणि मी मागे.

चढ आला. तिसरा गिअर, आणि गाडी सरसर वर! दिवा नाही, ठोकठोक नाही. मी आनंदाने सीटवर बुक्की मारली. बाबा खिडकीतून बाहेर बघत बसले.

"घेतली, भाऊ!" तो माणूस मागे वळून म्हणाला. "पक्कं समजा."

चढ संपल्यावर गाडी वळवायची होती. आईने वळवली नाही. हिंगोलीच्या वाटेवरच्या सेनगावपलीकडे तिने अजून कधी गाडी नेली नव्हती.

"ताई, घर मागं ऱ्हायलं," तो म्हणाला.

"व्हय," म्हणत आईने चौथा गिअर टाकला. "तुमाला हिंगोलीच्या स्टँडावर सोडते. तिथून वसमतच्या एस्ट्या लई हायेत."