नवऱ्याला गवंडी केलं त्याची गोष्ट

नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. पण घरी आलेल्या सरकारी माणसासमोर ‘हा माझा नवराच नाही’ असं ठणकावून सांगणारी बाई पाहिली आहे का? नाही ना? मग नीट पाहून घ्या. तुमच्यासमोर चहा गाळत उभी आहे.

हसू नका हो! आधी ऐका तर.

माझे मालक पियदास सिलोनचे. आमचं गाव शेलूबाजारपासून सायकलीच्या अंतरावर. गावात नवं बुद्धविहार बांधायला घेतलं तेव्हा मूर्ती घडवायला कारागीर पाहिजे होता, आणि कोणा भंतेजींच्या ओळखीनं हे थेट समुद्र ओलांडून आमच्या वस्तीत आले. मी तेव्हा बालवाडी चालवायची. मॅट्रिक झालेली, म्हणून गावात मला मान होता. कामावरच्या माणसांना पाणी नेऊन देता देता मूर्तीकडे पाहत राहायची. सिमेंट, वाळू आणि चुना, हेच सामान आमच्या घरच्या ओट्यालाही वापरलं होतं. पण ओट्याकडे पाहून कधी कोणाचे हात आपोआप जुळले का? त्या बोटांतून असं काही उतरायचं की मी घागर खाली ठेवायलाच विसरायची.

झालं. लग्न लागलं. मराठी हे गावातच शिकले, त्यामुळे बोलणं अगदी आमच्यासारखं वऱ्हाडी. तरी गाव थोडंच सोडतं? कोणी म्हणे, “सुमननं रावणाच्या गावचा नवरा केला!” कोणी रेडिओ कानाशी धरून विचारी, “जावाईबापू, तुमच्या सिलोनवर उद्या कोणतं गाणं लागते?” जणू सगळी गाणी यांच्या घराच्या माळ्यावर ठेवलेली!

हे सगळ्यांना एकच उत्तर देत. “लागते. चांगलंच लागते.”

पण परदेशी माणसाला या देशात राहायचं तर परवाना लागतो. बायको इथली असली तरी लागतो. अर्ज अकोल्याला दिला. त्या कचेरीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा छातीच दडपली. जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या फायली! एकेका फायलीत एकेक माणूस वाट पाहत बसलेला. मी तर दारातूनच हात जोडले.

वाट पाहा म्हणाले. पाहिली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. दर खेपेला बाबू चष्म्यावरून पाहून सांगत, “कागद वर गेला आहे.” वर म्हणजे कुठं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. मी आपली आभाळाकडे पाहायची.

त्यात काय व्हावं? देशाचंच नाव बदललं! सिलोनची श्रीलंका झाली. बाबूंनी कपाळाला हात लावला. “अर्ज एका देशाचा, माणूस दुसऱ्या देशाचा. आता कसं करता?”

मी म्हटलं, “साहेब, माणूस तोच आहे.”

“माणूस तोच असून काय उपयोग? कागद तोच पाहिजे ना!”

पुन्हा नवा अर्ज. पुन्हा वर.

आणि इकडे विहारात मूर्ती तयार, फक्त डोळे बाकी. यांच्या देशात मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी, मुहूर्त पाहून उघडतात. हे म्हणाले, “कागद आला की डोळे. मन ठिकाणावर नसताना डोळे काढायचे नाहीत.” म्हणजे पाहा, एका परवान्यापायी अख्ख्या गावाचा बुद्ध डोळ्यांवाचून बसलेला! बाजारात भेटेल तो विचारी, “सुमन, कागद आला का वं?” परवाना नामंजूर झाला तर यांना परत जावं लागणार होतं. मग मी कुठं, आणि ते डोळे कोण काढणार?

हे मात्र शांत. कागद नाही आला की विहारात जाऊन मूर्तीचं आधीच गुळगुळीत झालेलं बोट आणखी गुळगुळीत करत बसायचे. एवढा धीर माणसाच्या अंगात मावतो कसा, याचंच मला नवल वाटायचं. आणि त्यांच्या वाटचं ओरडायचं काम मी करायची. चप्पल इथं का काढली, जेवायला उशीर का केला, केस का नाही पुसले! सरकारवर ओरडता येत नव्हतं ना, मग कुठं ओरडायचं?

आता खरी भानगड इथं सुरू होते. माझी धाकटी बहीण कमल लग्नाची झाली होती. शिरपूरची मंडळी तिला पाहून गेली. सगळं पसंत पडलं आणि निघता निघता त्यांनी विचारलं, “थोरले जावई कुठले?”

माय म्हणाली, “लंकेचे.”

“कोणता तालुका?”

सांगा आता! मग परवान्याची गोष्ट निघाली. “म्हणजे जावयाले इथं राहू देतील का नाही, त्याचाच भरोसा नाही?” असं म्हणून मंडळी जी गेली ती गेलीच.

कमल कोपऱ्यात बसून रडली. मला वाटलं, माझ्या नशिबाचा कागद तिच्या आडवा आला. म्हणून पुढचं स्थळ जऊळक्याहून आलं तेव्हा मायनं हुकूमच काढला. “या खेपेले घरात लंकेचं नाव कोणी काढाचं नाही!”

आणि आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वरपक्ष एकदम येत नाही. आधी एक अनोळखी माणूस पाठवतात. तो पाणी प्यायच्या निमित्तानं अंगणात टेकतो, इकडचं तिकडचं विचारतो आणि घर पाहून जातो. आपण ओळखायचं, पण ओळखलं असं दाखवायचं नाही. कोण, कुठले, असं विचारलं तर घर अडाणी ठरतं.

मी यांना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, “तुम्ही दिवसभर विहारातच राहा. कोणी विचारलं तर तुम्ही गवंडी.”

हे म्हणाले, “ठीक. मी गवंडी.” वाद नाही, काही नाही!

दुपारी पांढरा सदरा, काखेत पिशवी, असा एक माणूस अंगणात आला. “नमस्कार. पाणी मिळेल का?”

इथंच मला कळायला हवं होतं हो! आमच्यातला सोयरा ‘जय भीम’ म्हणेल, नमस्कार कशाला करील? पण मी खाट टाकण्यात, माय भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो काढून पिठाच्या डब्यामागं लपवण्यात, आणि कमल वेणी घालण्यात गुंतलेली. अक्कल कोणाची जागेवर होती?

पाहुणा पाणी प्याला आणि त्यानं सुरू केलं. “घरी माणसं किती? शेत किती? थोरल्या पोरीचं लग्न झालं?”

“झालं ना! मीच थोरली,” मी म्हटलं.

“मालक कुठं असतात?”

मी मायकडे पाहिलं. माय धावून आली. “कलकत्त्याले! लय मोठी नोकरी हाये. वर्षातून एकदाच येतात.”

“एकदाच?” पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं.

“तेही आले तं आले,” मी भर घातली. आता बोलायची काही गरज होती का? पण खोटं एकदा सुटलं की उतारावरच्या बैलगाडीसारखं सुटतं.

आणि नेमके तेव्हाच हे आले! अंगभर सिमेंट, पोटात भूक. मला पाहून त्यांना आठवण झाली आणि ते दारातच थबकले.

“हे कोण?” पाहुण्यानं विचारलं.

“गवंडी,” मी म्हटलं.

“कुठला?”

“मद्रासकडला. काम झालं की जाईल वापस. इथं कायले राहते तो!”

माझ्या तोंडात साखर पडो म्हणा, नाहीतर माती पडो म्हणा. जे एक वाक्य मी स्वप्नातही बोलू नये, ते मी हसत हसत बोलले.

हे मात्र सवयीनं सरळ सैपाकघरात गेले. पाहुण्याची मान त्यांच्यामागं वळली. “गवंडी सैपाकघरात जाते तुमच्याकडे?”

माय ताठ झाली. “आमी बौद्ध हावोत, भाऊ! आमच्या घरात कोणाले कुठं जायाची मनाई नाही!”

हे हातावर भाकर घेऊन बाहेर आले. तर अंगात ओला सदरा! सिमेंटचा उतरवून सकाळी धुतलेला तसाच चढवलेला. आणि माझं डोकं फिरलं. पाहुणा विसरले, जऊळका विसरले, सगळं विसरले.

“अवो, तो ओला सदरा कायले घातला? रातभर खोकून राह्यले ना तुमी! दोन खेपा हळदीचं दूध केलं मी! कोरडा सदरा दोरीवर हाये म्हणून सकाळपासून सांगून राह्यली, कान विहारात ठेवून आले का? काढा तो आधी!”

अंगणातली कोंबडीसुद्धा उभी राहिली.

पाहुण्यानं सावकाश विचारलं, “गवंडी रात्री खोकला, ते तुमाले...?”

“भिंत... भिंत पातळ हाये,” मी म्हटलं.

“लयच पातळ!” माय म्हणाली.

हे शांतपणे म्हणाले, “हो बाईसाहेब,” आणि दोरीवरचा कोरडा सदरा घालून निघून गेले.

पाहुणा उठला. “अकोल्याची गाडी शेलूबाजारहून आता भेटेल ना?” असं विचारून वाटेला लागला.

मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात कमल दारातून म्हणाली, “ताई, जऊळक्याचा माणूस अकोल्याले काहून गेला वं?”

मी वाटेकडे पाहायला वळते, तोवर दुसरा एक माणूस अंगणात शिरला. डोक्यावर टोपी, हात जोडलेले. “जय भीम! जऊळक्याहून आलो. जराक पाणी भेटेल का?”

पायाखालची जमीन सरकली, असं लोक म्हणतात. माझी सरकली नाही, माझ्यासकट गोल फिरली! हा जऊळक्याचा, तर मग तो कोण होता? अकोला... पिशवी... माणसं किती... मालक कुठं...

मी तशीच अनवाणी विहाराकडे पळाले. “सायकल काढा! सरकार येऊन गेलं!”

मग काय विचारता. हे सायकल मारताहेत, मी मागं कॅरिअरवर. “जोरात मारा! खड्डा, खड्डा! घंटी वाजवा! तुमाले सायकल तरी नीट येते का?” शेलूबाजारच्या स्टँडवर पोचेपर्यंत माझं तोंड एकदाही बंद झालं नाही.

पिशवीवाले साहेब चहाच्या टपरीवर बसले होते. मी त्यांच्यापुढं जाऊन एका दमात ओरडले, “साहेब, हा गवंडी नाही! माहा नवरा हाये!”

अख्खं स्टँड वळून पाहायला लागलं. एका जीपवाल्यानं तर टाळ्या वाजवल्या.

साहेब म्हणाले, “बसा बाई. चहा घ्या. मले तं तिथंच समजलं होतं.”

“कसं काय?”

“भिंतीवर खिळा होता, फोटो नव्हता. पण ते सोडा. न सांगता घरी जाऊन चौकशी करायची, हेच काम करत मी म्हातारा झालो. खोट्या लग्नाची जोडपी जोडीनं बसतात, एकमेकाले जी-जी करतात, सगळं पाठ केलेलं सांगतात. पण त्यातल्या एकीलेही नवऱ्याचा सदरा ओला आहे का कोरडा, याची खबर नसते. असं ओरडणं शिकवून येत नाही, बाई. ते लग्नानंच येते.”

सरकार म्हणजे मला फायलींचा डोंगर वाटायचं. त्या डोंगराला असे डोळे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. भीती केव्हा गेली आणि डोळे केव्हा भरले, समजलंच नाही.

“मग लिहिता काय, साहेब?” यांनी हळूच विचारलं.

“लिहितो ना. बाईनं नवरा असल्याचं नाकारलं, पण पत्नीप्रमाणे ओरडली. विवाह खरा आहे.”

हे हसायला लागले. एवढी वर्षं मी त्यांचं नुसतं स्मित पाहिलेलं. त्या दिवशी सिमेंट झडेपर्यंत हसले!

घरी परतलो तर जऊळक्याचे पाहुणे जेवायला बसलेले. मायनं घाबरून सगळं खरं सांगून टाकलं होतं. पाहुण्यांनी यांना पाहताच जवळ बसवून घेतलं. “जावाईबापू, आमचं पोरगं गाण्याचं लय शौकीन. तुमच्या सिलोनवर त्याचं नाव घ्याले लावता येईल का?”

हे म्हणाले, “येईल. सगळं येते.” कमलचं लग्न ठरलं!

परवाना त्यानंतरही सावकाशच आला. पण आला. आणि मग डोळे उघडायचा दिवस. अख्खं गाव विहारात. हे मूर्तीकडे पाठ करून उभे, हातात आरसा. आरशात पाहत, खांद्यावरून मागं हात नेऊन त्यांनी डोळे रंगवले. समोरून पाहायचं नसतं म्हणे, ती पहिली नजर माणसाला पेलत नाही. हे बाजूला झाले आणि त्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. कोणी हललं नाही. मायच्या तोंडून नुसतं ‘बाप्पा!’ निघालं. मी एवढी बडबडी बाई, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

संध्याकाळपर्यंतच! कारण संध्याकाळी मी परवाना पहिल्यांदा नीट वाचला. मुदत एकच वर्ष. दर वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी.

तेव्हापासून मुदत संपत आली की हे सकाळीच मुद्दाम ओला सदरा अंगात घालतात, अंगणात खाटेवर येऊन बसतात आणि त्या मूर्तीसारखं शांत तोंड करून म्हणतात, “सुमन, कागदाचे दिवस आले. कर सुरू.”

आणि मी? मी करते ना सुरू! वेशीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडते. सरकारदरबारी माझी ओळखच ती आहे, त्याला मी तरी काय करू?