कमलाताईंची फुली

२००४ साली रत्नागिरीतल्या एका कॉलेजचा चार पानी प्रवेशअर्ज मी वेबसाइटवर आणला. तो बघायला कमलाताई लिमये बसल्या. सव्वीस वर्षं ऑफिसच्या खिडकीत त्यांनीच हे अर्ज तपासले होते.

त्यांनी मुद्दाम दुसऱ्या पानावर पिनकोड पाचच आकडी टाकला. माझा अर्ज मुकाट चौथ्या पानापर्यंत गेला, शेवटी ‘माहिती चुकीची’ म्हणाला आणि चारही पानं कोरी झाली.

“ह्याला अर्ज म्हणतोस? दाभोळहून खाडी ओलांडून आलेल्या पोरीला मी कधी पहिल्यापासून लिहायला लावलं नाही रे!”

जुन्या अर्जांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे आपटला. शेकडो अर्ज, आणि जिथे चूक होती त्याच रकान्याशेजारी पेन्सिलीची बारीक फुली. दुरुस्तीनंतर रबराने पुसलेली, तरी उजेडात धरली की दिसणारी. सहा महिन्यांत मला एवढं सुचलं नव्हतं.

आता माझा अर्ज चुकल्या पानावरच थांबतो, भरलेलं सगळं जपतो आणि रकान्याशेजारी फुली दाखवतो. सगळे म्हणाले, ती लाल कर. मी पेन्सिलीच्या रंगाचीच ठेवली.