शनिवारची धुरी

शनिवार आला की मला नऊवारी नेसावी लागते. एरवी मी साध्या साडीत असते, पण पुण्याचे पाहुणे येणार म्हटलं की आमचे हे सकाळीच बजावतात, "नऊवारी काढून ठेव. आन् नथ इसरू नको." वारूळवाडीच्या पुढे, उसाला लागून आमचं शेत. द्राक्षबाग काढून यांनी तिथे तंबू ठोकले आणि रस्त्याला कृषी पर्यटनाची पाटी लावली. म्हशी विकल्या, गोठा रंगवला आणि त्याचं जेवणघर केलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ना!

संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटते. पाहुणे भोवती खुर्च्या टाकून बसतात, बिबट्या येतो का विचारतात. बिबट्याचं राहू द्या, ऊस एवढा जवळ की डासच त्यांना उचलून नेतील. मग माझं काम सुरू. घमेल्यात गोवरीचे निखारे घ्यायचे, वर कडुलिंबाचा ओला पाला टाकायचा आणि फुंकत बसायचं. पूर्वी ही धुरी आम्ही म्हशींसाठी करायचो. घमेलं गोठ्याच्या दारात ठेवलं की आपण मोकळे. आता पाहुण्यांना फोटो काढायचे असतात, म्हणून जवळ बसायचं. म्हशी बिचाऱ्या कधी "मावशी, जरा इकडे बघा" म्हणाल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यापासून मला दम लागायला लागला. जिना चढले की छातीत शिट्टी वाजते. नारायणगावच्या डॉक्टरांनी यांच्यासमोर सांगितलं, "धुराजवळ बसायचं नाही. अजिबात नाही. नाहीतर तोंडात मारायचा पंप जन्माचा मागे लागेल." यांनी तिथे मान हलवली आणि शनिवारी घमेलं माझ्यापुढे आणून ठेवलं.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"येवढा शिजन जाऊ दे गं."

पाहुण्यांमधल्या एका बाईने विचारलं, मावशींना त्रास नाही का होत? तर हे हसून म्हणाले, "छ्या! तिला सवय हाय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. मला असा राग आला, पण पाहुण्यांपुढे बोलायचं कसं?

बरं, डासांना धूरच लागतो असंही नाही. टोमॅटो निवडायच्या शेडमध्ये आमचा मोठा उभा पंखा आहे. तिथे अंधार पडेपर्यंत बसलं तरी डास चावत नाही. वाऱ्यात उडताच येत नाही मेल्याला. एका शनिवारी मीच तो पंखा अंगणात आणला, लांब वायर जोडली आणि लावून दिला. शेकोटी जरा बाजूला घेतली. कोणी पायावर चापट मारली नाही की खाजवलं नाही. स्वतःच्या अंगणात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. छाती मोकळी वाटत होती. लई बरं वाटलं.

तेवढ्यात एक पाहुणी म्हणाली, "आज धुरी नाही का? आम्ही फोटो बघूनच आलो होतो."

हे लगेच उठले आणि पंखा बंद केला. "आत्ता करती ना ती."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "मी नाय करनार. तुमीच करा."

हे उगाच हसले आणि घमेल्यापुढे बसले. पाला टाकून फुंकर मारली, तर धुराचा लोट सरळ तोंडावर. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. झालं! चार-पाच जण धावले. कोणी पाठ चोळली, त्या पाहुणीने तर स्वतःची बाटली पुढे केली. "दादा, बाजूला व्हा. धूर फार वाईट असतो हो."

मी बघत राहिले. एवढे शनिवार मी तिथेच खोकत होते, कोणी हातातला फोनसुद्धा खाली ठेवला नव्हता.

हे खुर्चीत टेकले. पाहुणीने पाल्याची पाटी उचलून माझ्यापुढे धरली. "मावशी, तुम्हीच करा बाई. तुम्हाला सवय आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बसले, पाला टाकला आणि नाकाला पदर लावला.

"पदर जरा खाली घ्या ना," ती फोन धरून म्हणाली, "नथ दिसत नाहीये."

मी पदर खाली घेतला.