फक्त अर्धा किलो शिल्लक

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगते. कारण हा मूर्खपणा साधासुधा नाही. दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून, वहीत टिपणं काढून, नीट विचार करून केलेला मूर्खपणा आहे!

तेर गावात आमचा घरगुती धंदा आहे, कुरडयांचा. आमचा म्हणजे माझा आणि आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. कामाची वाटणी सरळ आहे. गहू भिजवायचे, चीक हाटायचा, कुरडया घालून वाळवायच्या हे त्यांचं; मोबाइलवर जाहिरात करून विकायचं माझं. आत्या मोबाइलला हात लावत नाहीत आणि मला चीक हाटता येत नाही. एकदा हाटला होता. त्या गोळ्यांबद्दल आपण नको बोलूया.

यंदा आत्यांनी जोर लावला. शेतातल्या खोलीवर दोन बायका मजुरीनं लावून साठ किलो कुरडया केल्या. डबे घरी आणून कोठीच्या खोलीत छताला टेकवले. आणि नजर लागते म्हणून गल्लीत कुणाला आकडा सांगितला नाही. शेवटच्या डब्याचं झाकण दाबून म्हणाल्या, "म्या केलं. आता मृगाच्या आत खपवायचं तू. हवा वल्ली झाली की सगळ्याला वास मारतो. न्हाय खपलं, तर पुढल्या साली म्या सोऱ्याला हात लावणार न्हाय बघ."

मला धडकीच भरली. आत्या बोलल्या की बोलल्या. आणि खरं सांगते, लग्नानंतर 'हे माझं' म्हणावं असं हे एकच होतं. ते बंद पडू द्यायचं नव्हतं.

मग बघितले व्हिडिओ. कोट घातलेला एक माणूस ओरडून सांगत होता, "माल भरपूर आहे हे ग्राहकाला कधीच कळू देऊ नका! संपत आलाय म्हणा, मग बघा कशा उड्या पडतात!"

मी लगेच स्टेटस टाकलं. लाल अक्षरं, भोवती आगीच्या ज्वाळा. "संपत आलंय! फक्त पाच किलो शिल्लक!!"

दिवसभर वाट बघितली. एक उडी पडली नाही.

मला वाटलं, पाच किलो जास्त झालं. दुसऱ्या दिवशी टाकलं, "फक्त दोन किलो!" तरी शांतता. तिसऱ्या दिवशी थेट "शेवटचा अर्धा किलो!!!" आणि पुढं तीन रडकी तोंडं. कोठीत साठ किलो जसेच्या तसे, आणि मी जगाला अर्धा किलो सांगतेय. आहे की नाही कमाल?

त्याच दुपारी शेजारच्या रुक्मिणकाकू आल्या. हातात टोपलं, त्यावर फडकं.

"काय गं, एवढी अडचण आली अन् शेजारी असून सांगायचं न्हाय व्हय?"

"कसली अडचण, काकू?"

"माझ्या सुनेनं दावलं की मोबाइलवर. अर्धाच किलो ऱ्हायलंय म्हणं. ऑर्डरी घेऊन बसली असशील अन् माल न्हाय. लोकांत तोंड कसं दावशील? घे, माझ्या घरच्या हायत. दोन किलो तरी भरतील."

काय बोलू? 'काकू, मी खोटं लिहिलंय' म्हणू? तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "लई उपकार झाले, काकू." झालं! माझा माल बासष्ट किलो!

बरं, आलेलं टोपलं रिकामं परत द्यायचं नसतं. त्यात काय घालायचं? त्यांच्याच कुरडया त्यांना कशा द्यायच्या? घातले शेंगदाणे.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या चौघी आल्या, मग रोज कुणी ना कुणी. कुणाची परात, कुणाचा डबा, कुणाची पिशवी. प्रत्येकीच्या तोंडी तेच, "पैशाचं नाव काढू नको." आत्या दिवसभर शेतात असायच्या म्हणून बरं. त्या यायच्या आत मी ते सगळं माझ्या साड्यांच्या कपाटात कोंबायची. चार दिवसांत घरातली एकच वस्तू खरोखर संपत आली, ती म्हणजे शेंगदाण्याचं पोतं.

आणि गिऱ्हाइकं? धाराशिवच्या वैशालीताई, शाळेत शिक्षिका आहेत, दरसाल घेतात, त्यांना मीच फोन लावला.

"ताई, यंदा कुरडया?"

"अगं, मला तीन किलो हवे होते. पण तुझं अर्ध्या किलोवर आलेलं बघितलं. म्हटलं, मागितलं तर बिचारी नाही म्हणायला अवघडेल. घेईन दुसरीकडून. तू नको काळजी करूस हं."

माझ्या लोकांचं हे असं! उड्या कसल्या मारतायत? संपत आलंय म्हटलं की ही माणसं हात मागं घेतात, दुसऱ्याला मिळू दे म्हणतात. हे त्या कोटवाल्याला कुणीतरी सांगा हो!

काकू आल्यापासून पाचव्या दिवशी कडेलोट झाला. आत्यांची धाकटी बहीण कळंबहून एसटीनं आली, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन. मी मावशींना चहा देतेय, तोवर आत्या शेतातून परतल्या.

"आक्का," मावशी डबा पुढं सरकवत म्हणाल्या, "कुरडया संपल्या, पोरीची अब्रू जायची वेळ आली, अन् तू मला साधा निरोप धाडला न्हाईस?"

आत्या सरळ आत गेल्या आणि कोठीचं दार उघडलं. मावशींनी डब्यांची थप्पी बघितली. मग दोघींनी मिळून माझ्याकडं बघितलं. मी सगळं कबूल केलं. कपाटही उघडून दाखवलं. पैठणीखालून कुरडया निघाल्या तेव्हा मला रडूच आलं, लाजेनं.

आत्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तो मोबाइल आण. कुठं बोलायचं?"

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं. त्यांनी शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं मोबाइलमध्ये ओरडून सांगितलं, "आमची सून लबाड बोलली. कुरडया साठ किलो हायत, घर भरलंय. नवीन गव्हाच्या हायत, म्या सवता केल्यात. ज्याला पायजेल त्यानं घेऊन जावं. अन् ज्यांनी आणून दिल्या त्यांनी आपापल्या परत न्याव्यात."

तेच स्टेटसला लावलं. काय सांगू, फोन थांबेना! मृगाला चार दिवस असताना कोठी रिकामी. आत्या गालात हसल्या आणि पुढच्या साली शंभर किलो करायचं ठरवूनही टाकलं. मी अगदी प्रामाणिकपणे, साध्या काळ्या अक्षरांत लिहिलं, "सर्व माल संपला आहे."

लगेच वैशालीताईंचा फोन. हसत होत्या. "संपला का? बरं बरं. मग मला चार किलो ठेव, रविवारी येतेच."

"ताई, खरंच संपलाय."

"हो गं, कळलं मला. चार किलो हं!"

चार दिवस मी रोज फोन करून 'येऊ नका' म्हणून विनवलं. रविवारी ताई डबा घेऊन हजर. मी कोठी दाखवली. त्यांनी डबे वाजवून बघितले. साड्यांचं कपाट उघडायला लावलं. वाकून पलंगाखाली बघितलं. मग म्हणाल्या, "सासूबाई आहेत का घरात?"

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "संपल्या वो बाई. एक बी ऱ्हायली न्हाय."

"अस्सं होय!" वैशालीताईंनी लगेच डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडं रागानं बघितलं. "मग हे तुला आधी सांगता येत नव्हतं?"